खुणा जुळल्या, टायमिंग चुकलं

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्यांची इंजिनं

या वेळची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. इंजिन खोललं, काम झालं, आणि बांधताना टायमिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे ते ठरवणाऱ्या, भागांची सरमिसळ झाली : एक गिअर जुना, एक बाजारातला, चेन तिसरीकडची. म्हणून इतर विषय पुढच्या अंकावर ढकलून सगळी जागा यालाच दिली आहे.

प्रश्न : माझी १४८९ सीसी पेट्रोल अँबेसेडर आहे. इंजिनाचं फुल काम करून घेतलं. क्रँकवरचा (पिस्टन ज्याला फिरवतात त्या शाफ्टवरचा) छोटा गिअर जुनाच ठेवला, कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचा) मोठा गिअर सुटा मिळाला, डबल चेन नवी टाकली. दोन्ही गिअरवरचे ठिपके समोरासमोर आणून चेन चढवली, हे मी उभं राहून पाहिलं आहे. गाडी सुरू होते, पण टिळक पूल चढताना दम सोडते. कार्बोरेटरमधून ठसके येतात, इंजिन तापतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना सारखं, पण कमी. मिस्त्री म्हणतात, रिंगा बसायला वेळ लागेल. थांबावं का? (दादर)

उत्तर : थांबू नका. रिंगांचा निकाल पाच मिनिटांत लागतो. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि त्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर दोष रिंगांचा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा टायमिंग. चारही सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील, तर सगळे व्हॉल्व्ह ठरवून एकदम गळतायत यापेक्षा कॅम उशिरा चालतोय हे जास्त संभवतं. कॅम मागे पडला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. तोवर पिस्टन वर निघालेला असतो, आणि नुकतंच ओढलेलं मिश्रण तो उघड्या व्हॉल्व्हमधून कार्बोरेटरकडे परत ढकलतो. कॉम्प्रेशन कमी, ठसके आणि पुलावरचा दम, तिन्ही तक्रारी तिथूनच येतात. व्हॅक्यूम गेज मिळालं तर इनटेक मॅनिफोल्डला (मिश्रण सिलिंडरकडं नेणाऱ्या नळीला) लावून बघा. निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. कॅम उशिरा असेल तर काटा थरथरत नाही, पण १५ च्या खाली मुकाट बसून राहतो. करंट (प्लगची ठिणगी) उशिरा असला तरी काटा थोडा उतरतो, म्हणून आधी इग्निशन टायमिंग बघून घ्या.

आता ठिपके. गिअरवरचा ठिपका म्हणजे चावीच्या (गिअर शाफ्टवर अडकवणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) खाचेपासून अमुक दात असं कारखान्यानं दिलेलं माप. दुसऱ्या गिअरच्या ठिपक्याशी त्याचं नातं जोडी एकाच घरची असेल तरच. तुमची जोडी दोन घरची आहे. त्यामुळे ठिपके समोरासमोर असतीलही, पण त्यावरून कॅम कुठं उभा आहे ते कळणार नाही. मोजावं लागेल.

रेडिएटर आणि पुढची पुली काढून टायमिंग कव्हर उघडा. पहिल्यांदा दाते मोजा. कॅमच्या गिअरला क्रँकच्या बरोबर दुप्पट हवेत; एकाचाही फरक असेल तर पुढं वाचायची गरज नाही, गिअर बदला. मग चेन. तीन अष्टमांश इंचाच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर ९.५२५ मिमी असतं, काही इंजिनांत ८ मिमीची चेन येते. एका कडीवर मापायला जाल तर फसाल. चेन ताणून धरा आणि २० कड्या एकदम मापा : १९०.५ मिमी भरली तर पहिली, १६० भरली तर दुसरी. जुनी चेन असेल तर याच मापात तिची झीजही कळते. १९०.५ च्या जागी १९२.५ भरली म्हणजे एक टक्का लांबली. इंजिन उघडलेलंच आहे तर ती परत घालू नये.

दोन्ही गिअर एका रेषेत आहेत का, हे स्टीलची पट्टी दोघांच्या तोंडावर आडवी धरून पाहा. क्रँकचा गिअर आत किंवा बाहेर असेल तर त्याच्यामागच्या शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून तो रेषेत आणायचा असतो. सुटा गिअर बसवताना नेमकं हेच विसरलं जातं. चेन मग तिरकी चालते आणि दात एका बाजूनं खाते.

यानंतर खरी मोजणी. ३६० अंशांची चकती हवी. कागदावर छापून प्लायवर चिकटवलेलीही चालते, पण व्यास २३ सेमीच्या आसपास ठेवा. त्या मापाला कडेवर एक अंश म्हणजे बरोबर २ मिमी, डोळ्याला वाचता येतं. चकती क्रँकच्या तोंडावर पक्की करा आणि ब्लॉकला जाड तारेचा काटा लावा.

एक नंबरचा पिस्टन अगदी वर कधी येतो, म्हणजे टीडीसी, ते प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून ठरवू नका. वरच्या टोकाला क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलतच नाही, आणि तुमची सगळी गफलत त्या काही अंशांतच लपलेली असते. जुना १४ मिमीचा प्लग फोडून आतली चिनी माती काढा, त्यात आटे पाडून गोल तोंडाचा लांब बोल्ट बसवा. झाला पिस्टन-स्टॉप. कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पिस्टन बराच खाली असतानाच तो भोकात घट्ट बसवा. पान्यानं क्रँक हळूहळू पुढं न्या. पिस्टन टेकला की काटा वाचा. स्टॉप काढा, क्रँक टीडीसी ओलांडून पलीकडं न्या, स्टॉप तितकाच खोल परत बसवा, आता क्रँक उलटा आणून टेकवा आणि वाचा. समजा अलीकडं ३४ आणि पलीकडं ३० आलं. मग काटा २ अंशांनी चुकीचा आहे. दोन्हीकडं ३२ येईपर्यंत तार वाकवा. आता चकतीवरचं शून्य हे खरं शून्य. हे सगळं हातानं. स्टॉप भोकात असताना स्टार्टरला कुणी हात लावू नये, म्हणून बॅटरीची वायर आधीच काढून ठेवा.

पुढं कॅम. एक नंबरच्या इनटेक व्हॉल्व्हचा टॅपेट गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) तात्पुरता शून्य करा आणि स्प्रिंगच्या टोपीवर डायल गेज टेकवा. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे आडवे दांडे) ज्यावर असतात तो शाफ्ट काढायच्या भानगडीत पडू नका. या इंजिनात रॉकर धरणारे काही नट हेडही धरतात, ते ढिले केले की हेड पॅकिंगचं नवं काम अंगावर येतं. क्रँक फक्त चालण्याच्या दिशेनं फिरवा, म्हणजे समोरून पाहताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे. चुकून पुढं गेलात तर पाव फेरा मागं जा आणि परत पुढून या, नाहीतर चेनचा ढिलेपणा तुमच्या आकड्यात शिरतो. व्हॉल्व्ह पुरता उघडला की गेज शून्यावर आणा. मग पुरत्या उघडण्याला १ मिमी कमी असताना चकती वाचा, आणि पलीकडं परत १ मिमी खाली उतरल्यावर वाचा. दोन्हींची सरासरी म्हणजे कॅमच्या उंचवट्याचा मध्य.

पडताळायचा आकडा कॅमच्या तक्त्यातून निघतो. ज्या कॅमचा इनटेक टीडीसीआधी ५ अंशांवर उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन अगदी खाली गेल्यानंतर) ४५ वर बंद होतो, तो एकूण २३० अंश उघडा राहतो. त्याचे अर्धे ११५, त्यातून सुरुवातीचे ५ वजा : मध्य टीडीसीनंतर ११० वर. तुमच्या कॅमचे आकडे मॅन्युअलमधून घ्या, हिशोब हाच. आता समजा चकतीवर ७८ आणि १५८ आले. मध्य ११८. म्हणजे कॅम ८ अंश उशिरा आहे.

एक दात सरकवून हे सुटेल का? क्रँकच्या गिअरला २० दाते धरा. एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. ८ अंश उशिराचा कॅम एक दात पुढं नेला की १० अंश लवकर होतो : खाली बरा ओढेल, आयडलिंग फडफडेल, वर श्वास कोंडेल. सरमिसळ जोडीतली चूक बहुधा अशी अर्ध्या दाताचीच असते, म्हणून तर "एक दात इकडं, एक दात तिकडं" करत दोन दिवस जातात आणि गाडी कुठंच बरी चालत नाही.

माझं मत विचाराल तर पहिला पर्याय एकच : दोन्ही गिअर आणि चेन एका संचातली घ्या. संच मिळालाच नाही तर पायरीची चावी करा. क्रँकचे ८ अंश म्हणजे कॅमचे ४. कॅमच्या तोंडाचा व्यास २२ मिमी असेल तर त्रिज्या ११, आणि ४ अंशांना चावीची पायरी साधारण ०.७७ मिमी. दिशा इथं बऱ्याच जणांची चुकते. कॅम पुढं न्यायचा असेल तर चावीचा शाफ्टमधला भाग फिरण्याच्या दिशेला पुढं आणि गिअरमधला भाग मागं राहिला पाहिजे. लेथवाल्याला कागदावर बाण काढून द्या. चावी साध्या लोखंडाची नको, ईएन-८ पोलादाची करून घ्या. मऊ चावी कातरली गेली तर कॅम जागेवर उभा राहतो.

बांधल्यावर क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा आणि मध्य पुन्हा मोजा. मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही, का अडलं ते शोधायचं. हेड प्लेन करून घेतलं असेल किंवा कॅम वेगळा असेल, तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागाही बघावी लागेल. त्यासाठी हेड उतरवून पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळातली क्ले थापा, जुन्या पॅकिंगवर हेड कसा, दोन फेरे फिरवा, परत उघडून क्ले कापा आणि जाडी मापा. इनटेकखाली निदान २ मिमी, एक्झॉस्टखाली २.५ मिमी हवी. कव्हर लावण्यापूर्वी क्रँकच्या गिअरपुढची ऑइल फेकणारी चकती बघा : तिच्यावर एफ अक्षर असतं, ती बाजू इंजिनाच्या बाहेर, म्हणजे तुमच्याकडं. उलटी बसली की नवं सील आठवड्यात गळायला लागतं आणि दोष सीलवर जातो.

प्रश्न : पद्मिनीचं इंजिन बांधतोय. टायमिंगचे भाग जुन्या बाजारातून घ्यायचे तर काय बघून घ्यावं? (कुर्ला)

उत्तर : ज्या कुर्ल्यात ही गाडी तयार व्हायची तिथंच आता तिचे भाग शोधत फिरावं लागतं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली. टॅक्सी धावत होत्या तोवर भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. आता टोपलीत जे पडलंय त्यातलं काय कुठल्या इंजिनाचं, हे दुकानदारालाही दरवेळी सांगता येत नाही. सीएसटी रोडला जा, चोर बाजारात जा की ऑपेरा हाऊसला, खिशात व्हर्नियर, स्टीलची पट्टी आणि तुमचा जुना गिअर ठेवा. जुना गिअर कितीही झिजलेला असो, फेकायचा नाही. तुमच्या इंजिनाचं खरं माप त्याच्याकडेच आहे.

नवा गिअर जुन्यावर ठेवा, चावीची खाच खाचेवर जुळवा आणि उजेडाकडे धरा. दातावर दात बसला पाहिजे आणि ठिपक्यावर ठिपका. दातांच्या फटीतून अर्धा दात डोकावत असेल तर तो गिअर दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाचा आहे, दुकानदार काहीही शपथ घेवो. मधल्या भोकाचा व्यास आणि बॉसची (भोकाभोवतीच्या जाड भागाची) जाडी व्हर्नियरनं घ्या; बॉस १ मिमी जाड असला की गिअर तेवढाच रेषेबाहेर जातो.

दात नखानं चाचपून बघा. चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा उतरतो. झिजलेला दात एका बाजूनं आकडीसारखा वळतो. असा गिअर पालथा घालून वापरा असा सल्ला मिळेल, पण ठिपका आणि बॉस मागं जातात, म्हणून तो ऐकू नका. चेन आडवी धरून दोन्ही टोकांनी उचला : नवी चेन थोडीच झुकते, झिजलेली धनुष्यासारखी लोंबते. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या चेनच्या रोलरवर गंजाचे खड्डे पडतात. घासून ती चकचकीत केली तरी खड्डे राहतात, आणि तिथूनच रोलर फुटतो. चेन नवीच घ्या, या एका भागात काटकसर करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पद्मिनीची चेन नवी, खुणा बरोबर, तरी स्टार्टर मारला की इंजिन उलटा धक्का देतं आणि कार्बोरेटरमधून भडका येतो. गाडीला सीएनजी किट आहे. (गिरगाव)

उत्तर : चेन बहुधा ठीक आहे, डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा उलटा बसला आहे. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. त्यामुळे एक नंबरचा पिस्टन दोनदा वर येतो : एकदा कॉम्प्रेशन संपताना, एकदा एक्झॉस्ट संपताना. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. कोणता फेरा आहे ते पुली सांगत नाही, व्हॉल्व्ह सांगतात. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, म्हणजे १ आणि ४ जोडीनं वर येतात. खूण जुळवा, टॅपेट कव्हर काढा आणि क्रँक जरा पुढं-मागं हलवा. चार नंबरचे दोन्ही रॉकर झुलत असतील (एक मिटतोय, एक उघडतोय) तर एक नंबर फायरिंगवर आहे. एक नंबरचे झुलत असतील तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. आता रोटरचं (डिस्ट्रिब्यूटरच्या आत फिरणाऱ्या काट्याचं) तोंड एक नंबरच्या वायरीकडं हवं. समोरच्या बाजूला असेल तर डिस्ट्रिब्यूटर काढून फिरवून बसवा. नुसत्या वायरी दोन घरं सरकवूनही गाडी चालते, पण पुढच्या मिस्त्रीला ते कळणार नाही आणि त्याचा दिवस जाईल.

पॉइंटचा (डिस्ट्रिब्यूटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप आधी करा, इग्निशन टायमिंग नंतर. उलट केलंत तर गॅप बदलताना टायमिंगही सरकतं. इंजिन बंद ठेवून टायमिंग बघायला १२ व्होल्टचा साधा दिवा पुरतो : एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला, इग्निशन चालू. क्रँक चालण्याच्या दिशेनं फिरवताना पॉइंट उघडले की दिवा लागतो. तो लागतो त्या क्षणी पुलीची खूण जिथं असेल ते तुमचं टायमिंग.

सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून त्याला करंट काही अंश लवकर लागतो. पण तेवढा लवकर ठेवून गाडी पेट्रोलवर घेतली आणि पुलावर खटखट ऐकू आली, तर डिस्ट्रिब्यूटर मागं घ्या. एका जागी दोन्ही इंधनं पूर्ण खूश होत नाहीत. आणखी एक : कोरड्या गॅसवर व्हॉल्व्ह सीट खचते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेट गॅप आपोआप कमी होत जातो. गॅप संपला की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि तेच ठसके, तोच भडका. टायमिंगवर खापर फोडण्यापूर्वी थंड इंजिनावर फीलर गेज घालून बघा.

प्रश्न : कार्बोरेटरवाली मारुती ८००. टायमिंग बेल्ट आणि कॅमची पुली बदलली. बेल्ट शिट्टीसारखा आवाज करतो, आणि महिन्याभरात एक दात उडी मारून गेला. (ठाणे)

उत्तर : बेल्टच्या दाताचा आकार बघा. जुन्या धाटणीचे दात चौकोनी, कडा उतरत्या. नंतरच्या धाटणीचे अर्धगोल. दोन्ही एकमेकांच्या पुलीवर हातानं दाबले की बसल्यासारखे वाटतात, पण अर्धगोल दात चौकोनी खाचेच्या तळाशी नीट टेकत नाही. भार फक्त दाताच्या कडेवर येतो, आधी आवाज, मग उडी, मग दात सोलून निघतात. दातांची संख्या आणि रुंदी सारखी असली तरी हे होतं. बेल्टच्या पाठीवर छापलेले आकडे घ्या आणि तुमच्या इंजिनाच्या प्रकाराशी ताडून मागवा. ८०० चं जुनं इंजिन ७९६ सीसी आणि नंतरचं १२ व्हॉल्व्हचं एमपीएफआयही (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवालं) ७९६ सीसीच, म्हणून "८०० चा बेल्ट द्या" एवढं बोलणं पुरत नाही. पुली बदलली आहे तर तिच्या खाचेत तुकडाभर जुना बेल्ट दाबून बघा. फट दिसली तर पुली चुकीची.

बेल्ट चढवण्याआधी दोन गोष्टी. कॅम आणि क्रँकची ऑइल सीलं कोरडी आहेत का? ऑइल लागलेला बेल्ट फुगतो, मग ताण कितीही द्या. टेन्शनरची बेअरिंग बोटानं फिरवून ऐका, किरकिर करत असेल तर तीही बदला, कारण तेवढ्यासाठी हे सगळं परत उघडावं लागतं. स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर त्याचा बोल्ट ढिला ठेवून क्रँक दोन फेरे चालण्याच्या दिशेनं फिरवा, स्प्रिंगला तिचं काम करू द्या, मगच आवळा. सर्वांत लांब पट्ट्याच्या मध्यावर बेल्ट दोन बोटांत धरून पीळ द्या. साधारण काटकोनापर्यंत पिळला जावा. त्याहून सहज पिळला तर ढिला, अजिबात नाही तर बेअरिंग खाणार आणि शिट्टीही तीच.

खुणा जुळल्या म्हणून एक नंबर फायरिंगवर आहे असं धरू नका. या तीन सिलिंडरच्या इंजिनात १-३-२ असा क्रम आहे आणि जोडीनं वर येणारा पिस्टनच नाही, त्यामुळे झुलणारे रॉकर पाहण्याची मघाची युक्ती इथं चालत नाही. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि क्रँक हातानं फिरवा. अंगठा उडवणारा दाब आला तो कॉम्प्रेशनचा फेरा.

हेड किती प्लेन केलं तेही विचारा. पुशरॉडच्या (लांब दांडीनं रॉकर उचलणाऱ्या) इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये असतो, हेड खाली आलं तरी टायमिंगला फरक पडत नाही. इथं कॅम हेडवर आहे. हेड ०.५ मिमी उतरलं आणि कॅमच्या पुलीचा व्यास १०० मिमी धरला, तर कॅम अर्ध्याहून थोडा जास्त अंश मागं पडतो, क्रँकच्या भाषेत सुमारे १.१ अंश. एवढ्यानं गाडी बसत नाही. दोन-तीनदा प्लेन केलेल्या हेडला मात्र ते साठत जातं.

प्रश्न : पुढची पुली तडकली म्हणून दुसऱ्या इंजिनाची लावली. टायमिंग लाइटनं बघितलं तर खूण वीसेक अंश भलतीकडे दिसते, पण गाडी मात्र उत्तम चालते. कशावर विश्वास ठेवू? (विलेपार्ले)

उत्तर : गाडीवर. त्या पुलीची खूण दुसऱ्या कव्हरच्या काट्यासाठी काढलेली आहे. वर सांगितलेल्या पिस्टन-स्टॉपनं खरं टीडीसी काढा, काट्यासमोर पुलीवर बारीक पटाशीनं चीर पाडा, पांढरा रंग भरा आणि जुनी खूण घासून टाका. अंशांच्या खुणा हव्या असतील तर पुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन ३.१४ नं गुणा आणि ३६० नं भागा. १४० मिमीच्या पुलीला एक अंश म्हणजे १.२२ मिमी, म्हणून १० अंशांची खूण कडेवर १२.२ मिमी अंतरावर. ही खूण टीडीसीच्या खुणेच्या आधी काट्यासमोर यायला हवी, म्हणजे पुली फिरते त्या दिशेला, टीडीसीच्या पुढं. पुलीमध्ये रबराचा थर असेल तर बाहेरचं कडं आतल्यावर सरकतं आणि खूण कालांतराने पुन्हा खोटी होते, तेव्हा वर्षाकाठी एकदा पडताळा.

प्रश्न : नवा कॅम बसवला, टॅपेट (कॅमवर चालून पुशरॉड उचलणारे दट्टे) जुनेच चांगले दिसले म्हणून ठेवले. पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यावी? (मुलुंड)

उत्तर : सुरू करू नका. टॅपेट काढा आणि त्यांचे तळ काचेवर ठेवून बघा. नव्या टॅपेटचा तळ नजरेला न जाणवेल इतका फुगीर असतो, म्हणून तो काचेवर जरासा डुलतो. कॅमवर चालताना टॅपेट स्वतःभोवती फिरतो तोही त्या फुगीरपणामुळे आणि उंचवट्याच्या हलक्या उतारामुळे. जुना टॅपेट ज्या उंचवट्यावर झिजला त्याच्याच आकाराचा सपाट किंवा खोलगट झालेला असतो. नव्या कॅमवर तो फिरत नाही, एका जागी घासतो, आणि कॅमचं नाक काही तासांत गोल होतं. नवा कॅम तर नवेच टॅपेट. जुना कॅम ठेवणार असाल तर प्रत्येक टॅपेट त्याच्याच भोकात परत गेला पाहिजे. अंड्याच्या ट्रेमध्ये नंबर घालून ठेवले की घोळ होत नाही.

बसवताना उंचवट्यांना आणि टॅपेटच्या तळांना मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा. नुसतं ऑइल लावून इंजिन चार दिवस उभं राहिलं तर ते ओघळून जातं. जुन्या गाडीच्या सपाट टॅपेटला झिंक-फॉस्फरस जास्त असलेलं ऑइल मानवतं. आजच्या गाड्यांसाठीच्या पातळ ऑइलांत ते कमी ठेवलेलं असतं. कॅमची पुढं-मागं हालचाल थ्रस्ट प्लेटपाशी फीलरनं बघा. बीएमसी (ब्रिटिश मोटर कंपनी) धाटणीच्या, म्हणजे अँबेसेडरसारख्या, इंजिनांत ती साधारण ०.०८ ते ०.१८ मिमी असते. प्लेट दुसऱ्या इंजिनाची लागली तर कॅम पुढं सरकून चेन कव्हरला घासतो.

पहिल्या स्टार्टआधीच टायमिंग, पेट्रोल, पाणी सगळं तयार ठेवा, कारण नव्या कॅमला खरा त्रास सुरू न होणाऱ्या इंजिनाच्या लांबलचक क्रँकिंगमध्ये होतो. प्लग काढून स्टार्टर थोडा थोडा मारत ऑइल प्रेशर वर आणा, प्लग लावा, मग सुरू करा. सुरू झालं की लगेच २००० आरपीएमवर न्या आणि २० मिनिटं १५०० ते २५०० मध्ये खालीवर करत ठेवा. आयडलिंगला सोडायचं नाही, कारण टॅपेटवर ऑइल क्रँकच्या शिंतोड्यांतून येतं आणि हळू फिरताना ते पुरत नाही. पाणी गळलं किंवा इंजिन तापलं तर थेट बंद करा, दुरुस्त करा आणि उरलेली मिनिटं नंतर भरून काढा. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या बंद पार्किंगमध्ये हे करू नका, वीस मिनिटांचा धूर तिथं जीवघेणा ठरू शकतो. गाडी ढकलून उघड्यावर काढा आणि रेडिएटरसमोर घरातला टेबल फॅन लावा, उभ्या गाडीला वारा लागत नाही. झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उन्हात उलगडून बघा. राखाडी चमक थोडी दिसणारच, ती पेस्टची. बोटाला टोचणारा कण लागला तर टॅपेट कव्हर उघडा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते डायल गेजनं मोजा. सगळे इनटेक एकमेकांशी आणि सगळे एक्झॉस्ट एकमेकांशी जुळायला हवेत. ज्याचा आकडा कमी येईल, त्याचा उंचवटा गेला.